केरळचे लोकनियोजन: आधी निधी, मग सभा

१७ ऑगस्ट १९९६ रोजी केरळमध्ये लोकनियोजन मोहीम सुरू झाली. नवव्या पंचवार्षिक योजनेत राज्याच्या योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे सरकारने आधीच ठरवले होते. हा क्रम लक्षात घ्या. पंचायतीच्या हाती पैसाच नसेल, तर ग्रामसभेत बोलायला कोण कशाला येईल? केरळात ग्रामसभा प्रभागवार भरते. तिथे लोक विषयवार गटांत बसले आणि गरजा मांडल्या. त्यांवरून विकास अहवाल तयार झाला, त्यावर परिसंवादात चर्चा झाली आणि मग कृतिगटांनी प्रकल्प आखले. खरी कसोटी इथेच होती: मागण्यांची यादी सहज होते, अंदाजपत्रक होत नाही. महिलांसाठी दहा टक्के निधीची अटही याच योजनाकाळातली. सभेला येणाऱ्या स्त्रिया मात्र सुरुवातीला कमीच होत्या.