अंगावरचं दूध आणि वर्ध्याची एक बैठक

आजची गोष्ट आमच्या अकोटच्या घरातून सुरू होते.

ताई बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी सांगून गेलं, दूध पुरत नाही, डबा आणा. मी मेडिकलमधून डबा आणलासुद्धा. संध्याकाळी ओळखीच्या एक रिटायर नर्सबाई आल्या. डबा, औषध कशालाच हात लावला नाही, नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दूध हाये बाई. लेकराले नीट लागताच येत नाई." बाळाला पोटाशी वळवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या, हनुवटी टेकवली. थोड्या वेळानं गिळल्याचा आवाज यायला लागला. ताई रडली.

बाई जे करत होत्या त्याला आज लॅक्टेशन कन्सल्टंट म्हणतात. या कामाची पहिली आंतरराष्ट्रीय परीक्षा 1985 ची. पण काम जुनं. गावोगावी सुईण हेच करायची, आणि मला वाटतं बरंच चांगलं करायची. चुकायचं एका ठिकाणी. पहिलं पिवळं, घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायचा. म्हशीच्या चिकाचा खरवस आपण वाटून खातो, आणि आईचा चीक मोरीत! याला परंपराही मोठी आहे. सुश्रुतसंहितेत आईला दूध उतरेपर्यंत बाळाला मध-तूप चाटवायला सांगितलंय. आजचे डॉक्टर वर्षाच्या आत मध नकोच म्हणतात, आणि चिकाला बाळाची पहिली लस.

मग सुईण गेली, दवाखाने आले, आणि दवाखान्यांत डबेही आले. कंपन्या फुकट सॅम्पल द्यायच्या. बाळाला वरचं दूध मिळालं की ते अंगावर कमी ओढतं, ओढलं नाही की दूध कमी बनतं, आणि मग डबा खरंच लागतो.

याच्याविरुद्ध जे उभं राहिलं, त्यातलं एक मोठं काम आपल्या विदर्भातलं. अकोल्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की लागतं ते वर्धा. तिथं 3 डिसेंबर 1991 ला 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. त्याआधी 1989 मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली होती. 1992 मध्ये संसदेनं कायदा केला, तो 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला. डब्याची जाहिरात बंद, फुकट सॅम्पल बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो बंद. आरोग्य कर्मचाऱ्यांना कंपनीची भेटवस्तूही बंद. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला.

म्हणून या कामात हाताच्या कौशल्याइतकीच जबाबदारी आहे. सल्ला देणाऱ्यानं डबा विकायचा नाही. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी लंगोट्या ओल्या होतात का, वजन वाढतं का, हे बघायचं. बाळ सुस्त पडलं, पिवळं दिसलं, आईला ताप आला, तर 'घरीच बघू' म्हणायचं नाही, लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. आणि कधी डबा खरोखर लागलाच, तर आईला अपराधी वाटेल असं बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड असावं.

तुमच्या आजीनं चिकाचं काय केलं होतं? आज विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात ऐकवू.