भंडाऱ्याचे तलाव आणि पाण्याचा न्याय

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात, ते केवळ संख्येमुळे नव्हे. तलाव इतरत्रही आहेत. या प्रदेशात मात्र गाव वसविणे आणि तलाव बांधणे ही दोन कामे कित्येक शतके एकच मानली गेली. आणि तलाव कसा बांधावा या प्रश्नाबरोबरच तो कोणाचा, कोणासाठी व कोणी राखावयाचा, याही प्रश्नांचा निर्णय पाळीची माती पडत असतानाच होत असे.

हे तलाव बांधणारे मुख्यत्वेकरून कोहळी लोक. चांद्याच्या गोंड राजांपैकी एकाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांस बरोबर आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही ती नमूद आहे. ऊस हे कोहळ्यांचे आवडते पीक, आणि ऊस म्हणजे पाणी. गोंड राजा हीरशहा याने असा नियम घालून दिल्याचे सांगतात की, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळावी. दंतकथेचा भाग वगळला तरी नियमाची योजकता लक्षात घेण्याजोगी आहे. बक्षीस पाळीच्या लांबीवर नाही, खर्चलेल्या पैशावरही नाही. ते भिजलेल्या जमिनीवर आहे. देखावा मोठा आणि पाणी थोडे, असा तलाव बांधून कोणाचा लाभ होत नसे.

या तलावांत सर्वांत प्रसिद्ध नवेगावबांध. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. तत्पूर्वी तो भंडाऱ्याचाच होता. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील खिंडी बांधांनी बुजवून हा जलाशय निर्माण केला. सभोवतीच्या शिखरांस ‘सात बहिणी’ म्हणतात. दिवसा मजुरांनी घातलेल्या बांधात या देवता रात्री आपली भर घालीत, अशी कथा आहे. कोलू पाटलासही पुढे लोकांनी देवपद दिले व कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे डोंगरावर स्थापिले. रात्री कोण राबले याचे उत्तर कथेने देवतांवर सोपविले, हे मात्र थोडे संशयास्पदच म्हणावे लागेल. कारण मालगुजारीच्या काळात वेठीचा रिवाज सर्वत्र होता, आणि पाळीवर माती टाकणाऱ्या सर्वांच्या वाट्यास पाळीखालची बांधी आली नाही. जुन्या व्यवस्थेची थोरवी गाताना हा दोष झाकणे योग्य नव्हे.

तथापि रचनेकडे पाहावे. उंचावरील तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, तेथून आणखी खालच्या बोडीत उतरे. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम असे. तुडुमास एकाखाली एक भोके असत व ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असत. पातळी जसजशी उतरेल तसतशी खालची खुंटी काढावयाची. त्यामुळे नेहमी वरच्या थराचे पाणी शेतात जाई आणि उघडणारास किती उरले हे डोळ्यांनी दिसे. पुढे स्वतंत्र पाट फारसे नसत. पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून जाई. अभियंत्याच्या दृष्टीने ही उणीव आहे, कारण त्यात पाणी वाया जाते आणि वेळही लागतो. परंतु या रीतीचा एक परिणाम असा की वरच्या शेतकऱ्याने धुरा उघडल्याखेरीज खालच्याचे धान वाचत नसे. हस्ताचा पाऊस चुकला आणि धान निसवण्याच्या बेतात असले, म्हणजे एका पाण्यावर वर्षाचे पोट अवलंबून असे. अशा वेळी शेजाऱ्याशी वैर धरणे कोणासच परवडणारे नव्हते.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी पाटलांस मालगुजार म्हणून मालकीहक्क दिले. मालगुजारास तलावाचा लाभ होता, त्याबरोबर दुरुस्तीचा भारही होता. गावकऱ्यांचे पाण्याचे व निस्ताराचे हक्क गावच्या वाजिब-उल-अर्जात लिहिले जात. व्यवस्था विषम होती, पण पाळ फुटली तर कोणास हाक मारावी याविषयी संशय नव्हता.

मध्यप्रदेशाच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी नष्ट झाली. हे न्याय्यच झाले. फार पूर्वी व्हावयास हवे होते. तलाव सरकारजमा झाले. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे व लहान जिल्हा परिषदेकडे वाटले गेले. हक्क मात्र जुन्या कागदांवर राहिला. परंपरेने विनामूल्य मिळणाऱ्या पाण्यास पट्टी लागताच शेतकऱ्यांनी ती देण्यास नकार दिला. पट्टी येत नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही, असे चक्र सुरू झाले. मालगुजार गेला हे चांगलेच. त्याच्याबरोबर त्याचे कर्तव्यही गेले आणि ते कोणाच्या अंगावर घालावे हे कायद्याने स्पष्ट केले नाही. पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांपैकी कित्येक गाळाने उथळ झाले, काठांवर बेशरमाची झुडुपे माजली, सांडव्याजवळ अतिक्रमणे झाली.

याच जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द येथे मोठ्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. तेथे ज्यांची गावे बुडाली ते निराळे आणि ज्यांची शेते भिजावयाची ते निराळे. जुन्या तलावातही जमीन बुडत असे, परंतु ती बहुधा त्याच गावची असे आणि बुडविणारा माणूसही पाळीखालीच राहत असे.

मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची कथा याहून वेगळी नाही. रोहू, कटला, मृगळ या माशांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाल्यावर तळ्यातील देशी मासे घटले, आणि माशांस आसरा देणाऱ्या पाणवनस्पतीही गेल्या. गेल्या काही वर्षांत सहकारी संस्थांनी व ढीवर स्त्रियांच्या गटांनी काही तलावांतील बेशरम उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, देशी वनस्पती पुन्हा लावल्या. जेथे हे झाले तेथे मासे व पाखरे परतली.

परंतु तेथेही एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी शेतकऱ्यास तुडुमाची तळाची खुंटी काढावयाची असते. ढीवरास मात्र उन्हाळाभर मासे जगतील एवढे पाणी तलावात राहावयास हवे असते. किती पाणी राखावे हे काही गावांत बैठक घेऊन ठरते. इतरत्र ज्याचा हात आधी तुडुमापर्यंत पोचतो, त्याचेच चालते.