सानुकूल व्हॅलिडेटर (अँग्युलर)

सानुकूल व्हॅलिडेटर म्हणजे अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये अर्जाच्या रकान्यात भरलेली माहिती ग्राह्य आहे की नाही हे ठरविण्यासाठी विकासकाने स्वतः लिहिलेले फंक्शन होय. अँग्युलर हे गूगलने विकसित केलेले मुक्त-स्रोत फ्रेमवर्क टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिलेले असून जुन्या अँग्युलरजेएसच्या जागी ते सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनिवार्य रकाना, किमान व कमाल लांबी, ईमेल यांची तपासणी त्यात तयार मिळते. आधार क्रमांकाचा तपासणी अंक किंवा दोन तारखांचा क्रम यांसारखे नियम मात्र स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

== स्वरूप ==
व्हॅलिडेटरला रकान्याचे प्रतिनिधित्व करणारे ऑब्जेक्ट दिले जाते. मूल्य वैध असल्यास फंक्शन ‘नल’ परत करते, अन्यथा त्रुटीचे नाव व तपशील असलेले ऑब्जेक्ट परत करते. अँग्युलरजेएसच्या १.३ आवृत्तीपासून असलेल्या व्हॅलिडेटरमध्ये वैध मूल्यासाठी ‘ट्रू’ हे उत्तर अपेक्षित होते. त्यामुळे जुन्या पद्धतीची सवय असलेल्यांना ही रचना प्रथम उलटी वाटते. त्रुटीचा संदेश फंक्शनमध्ये न लिहिता साच्यात लिहिणे श्रेयस्कर ठरते, कारण मग तेच फंक्शन मराठी व इंग्रजी दोन्ही अर्जांना चालते.

रकाना रिकामा असल्यास तयार व्हॅलिडेटरांपैकी बहुतेक ‘नल’ देतात. रिकामेपणाची तक्रार करणे हे अनिवार्यतेच्या व्हॅलिडेटरचे काम मानले जाते. सानुकूल फंक्शनने हा संकेत पाळला नाही, तर ऐच्छिक रकानाही सक्तीचा होऊन बसतो.

== आधार क्रमांकाचे उदाहरण ==
आधार क्रमांक १२ अंकी असून शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीने काढलेला असतो. ही पद्धत एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल हमखास पकडते. व्हॅलिडेटर मधल्या मोकळ्या जागा काढून हे गणित करतो. मात्र गणित जुळले म्हणजे तो क्रमांक कोणाला दिलेला आहे, असे सिद्ध होत नाही.

== देवनागरी मजकूर ==
नावाच्या रकान्यासाठी रोमन ‘ए ते झेड’ एवढीच मुभा देणारा नियम देवनागरीतील प्रत्येक नाव नाकारतो. त्यावर उपाय म्हणून युनिकोडमधील ‘अक्षर’ हा गुणधर्म वापरला, तरी काम अर्धवटच राहते. युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार व हलन्त ही अक्षरे नसून ‘चिन्हे’ आहेत. परिणामी ‘रमण’ व ‘कमल’ ही नावे स्वीकारली जातात, पण ‘सुनीता’ व ‘मंगल’ नाकारली जातात. चाचणीसाठी निवडलेली नावे बिनमात्रांची असतील, तर हा दोष ध्यानातही येत नाही. म्हणून अक्षर व चिन्ह या दोन्ही गटांना परवानगी द्यावी लागते. ‘गोऱ्हे’सारख्या आडनावातील ‘ऱ्ह’ काही वेळा अदृश्य जोडचिन्ह घालून टंकलेला असतो. हे चिन्ह वरील दोन्ही गटांत बसत नसल्याने त्याची वेगळी सोय करावी लागते.

लांबीच्या मोजणीतही असाच फरक पडतो. ‘क्षितिज’ हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा दिसतो, परंतु जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ मोजते. त्याचप्रमाणे नियमित पदावलीतील अंकाचे नेहमीचे चिन्ह केवळ 0 ते 9 हे अंक ओळखते. ‘४११००४’ असा देवनागरीत लिहिलेला पिनकोड त्यामुळे अवैध ठरतो.

== अनेक रकाने व असमकालिक तपासणी ==
‘पासवर्ड’ व ‘पासवर्ड पुन्हा लिहा’ यांसारख्या परस्परावलंबी रकान्यांसाठी व्हॅलिडेटर रकान्यांच्या गटाला जोडतात. अशा वेळी त्रुटीही गटावरच नोंदली जाते. रकान्याच्या त्रुटी तपासणारा साचा मग कोणताच संदेश दाखवत नाही, आणि अर्ज का अडला आहे हे भरणाऱ्याला कळत नाही.

सदस्यनाव उपलब्ध आहे का, हे सर्व्हरला विचारावे लागते. अशा असमकालिक व्हॅलिडेटरचे उत्तर येईपर्यंत रकाना ‘प्रलंबित’ स्थितीत राहतो. साध्या तपासण्या उत्तीर्ण झाल्यावरच तो चालतो, तरीही प्रत्येक कळीगणिक विनंती जाऊ नये म्हणून रकाना सोडल्यावर तपासणी करण्याची सोय आहे.

== सुरक्षितता ==
हे व्हॅलिडेटर वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये चालतात. ब्राउझरची विकासक-साधने वापरून किंवा सर्व्हरला थेट विनंती पाठवून ते टाळता येतात. त्यामुळे तेच नियम सर्व्हरवरही पुन्हा लागू करावे लागतात.