मिल आणि मार्मोंतेल

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिंदुस्थानकडे धाडावयाच्या खलित्यांचे मसुदे करणारा जॉन स्टुअर्ट मिल १८२६ साली, ऐन विशीत, अंतर्यामी पार शुष्क झाला होता. तिसऱ्या वर्षापासून ज्याने त्याला ग्रीक पढविले तो पिता, जेम्स मिल, त्याच कचेरीत त्याचा वरिष्ठ. म्हणजे घरीदारी सुटका नाहीच! अशा वेळी मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी त्याच्या हाती आल्या. पित्याच्या मृत्यूने उघड्या पडलेल्या कुटुंबाला, यापुढे मीच तुमचे सर्वस्व होईन, असा धीर कोवळा मार्मोंतेल देतो, तो प्रसंग वाचताना मिलला रडू कोसळले. आपले अंतःकरण दगड झालेले नाही, हे त्याला त्या अश्रूंनीच कळले.

पितृमृत्यूची सुप्त इच्छा या अश्रूंत पुढे काही मानसशास्त्रज्ञांनी शोधली. तर्क चतुर खरा, पण अपुरा. मिलला हेलावले ते मरणाने नव्हे, मुलाने आपण होऊन उचललेल्या भाराने. दूरच्या ठाण्यावर असताना पितृनिधनाची वार्ता ज्यांनी ऐकली, त्यांना हा भेद समजावून सांगणे नको. सुखाचा थेट पाठलाग करू नये, अन्य कार्यात मन गुंतले की ते वाटेत भेटते, हा विचार मिलने याच काळात बांधला.

१८३६ मध्ये जेम्स मिल निवर्तला. नऊ भावंडांतल्या या थोरल्याची प्रकृती तेव्हा स्वतःच ढासळली होती. काही महिन्यांची रजा घेऊन तो युरोपात हिंडला आणि परतून खलित्यांकडे वळला. ते काम १८५८ पर्यंत चालले.