वारसा आणि निवड : टिळक कुटुंबाच्या तीन पिढ्या आणि मराठी ख्रिस्ती परंपरेतील ईश्वरप्रीतीचा विचार

प्रस्तावना

धर्मश्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, हा धर्मेतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. घरदार, जमीनजुमला, व्यवसाय यांचा वारसा कायद्याने मिळतो. श्रद्धेचा तसा मिळत नाही. ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. अनुवादाच्या पुस्तकात ईश्वरावरील प्रीतीची आज्ञा दिल्यानंतर लगेचच ती मुलांच्या मनावर बिंबविण्यास सांगितले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तर देवाचे स्वरूपच प्रीती आहे, असे प्रतिपादन केलेले आढळते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात शोधले आहे. तीमथ्याचा पिता ग्रीक होता, ही नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. म्हणजे एकाच घरात दोन परंपरा नांदत असताना श्रद्धेचे संक्रमण कसे होते, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळापासूनच उपस्थित झालेला आहे.

महाराष्ट्रात हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात वेगळ्या स्वरूपात पुढे आला. धर्मांतर करणारी व्यक्ती आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेपासून दूर जाते आणि त्याच वेळी आपल्या मुलांसाठी नव्या श्रद्धेची आरंभकर्ती होते. तिने स्वतः निवडलेली गोष्ट मुलांना मात्र आयती मिळते. निवडीचे वारशात रूपांतर होताना तिच्यातील जिवंतपणा कसा टिकवावयाचा? प्रस्तुत लेखात रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक आणि त्यांच्या पुढील पिढ्या यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. टिळक कुटुंबात प्रत्येक पिढीला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले म्हणूनच तेथे वारसा टिकला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठीतून ख्रिस्ती श्रद्धा व्यक्त करण्याची परंपरा टिळकांच्या तीनशे वर्षे आधीची आहे. मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथामागे एक व्यावहारिक गरज होती. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती. परंतु पुराण ऐकण्याची सवय आणि भूक सुटलेली नव्हती. केवळ प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाने ही भूक भागणे शक्य नव्हते. ओवी हा घरात, जात्यावर आणि देवळात पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडणारा छंद होता. स्टीफन्स यांनी नवी कथा त्या परिचित छंदात बसविली.

पुढे १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. शाळा, छापखाना, बायबलची भाषांतरे आणि उपासनेसाठी गीते अशी साधने हळूहळू उपलब्ध झाली. मात्र उपासनेतील पुष्कळशी गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरे होती. पहिल्या पिढीने ती निष्ठेने स्वीकारली. पण माजघरात सहज गुणगुणले जाईल आणि आईकडून मुलीकडे न शिकवता जाईल, असे धन त्यात कमी होते. ही उणीव टिळकांनी ओळखली.

नारायण वामन टिळक : शोध आणि निर्णय

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. संस्कृतचे अध्ययन, कीर्तन-प्रवचनांची आवड आणि कवित्व यांच्या जोडीला धर्मविषयक तीव्र अस्वस्थता त्यांच्या ठिकाणी होती. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता अमलात आणला. लक्ष्मीबाईंना तो कळला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. तत्कालीन समाजात नवऱ्याने धर्म सोडणे म्हणजे पत्नीचा संसार मोडणे होते. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पतीपासून दूर पंढरपूर येथे काही काळ काढला. ईश्वराच्या प्रीतीच्या शोधात निघालेल्या पुरुषाने आपल्या जवळच्या माणसाला केवढे दुःख दिले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला विसरता येत नाही. टिळकांच्या धर्मांतराचे मूल्यमापन करताना ही बाजू वगळणे इतिहासदृष्ट्या अप्रामाणिकपणाचे ठरेल.

लक्ष्मीबाई : प्रतीक्षा आणि स्वतंत्र निवड

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्यांचे माहेरचे घराणे गोखले. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे राहावयास गेल्या. परंतु ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी, त्यांचे आचार वेगळे राहिले. टिळकांनी ते राहू दिले.

या टप्प्याचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पत्नीने पतीचा धर्म आपोआप स्वीकारावा, अशी त्या काळातील सर्व समाजांची अपेक्षा होती. स्वभावाने उतावळ्या आणि तापट अशा टिळकांनी या एका बाबतीत मात्र वाट पाहिली. धर्मांतराच्या वेळी त्यांच्याकडून जे घडले, त्याची ही एका अर्थाने भरपाईच होती. लक्ष्मीबाईंच्या मनातील बदलही एखाद्या प्रवचनातून झाला नाही. देवाने माणसे निर्माण केली, जाती मात्र माणसांनी, हा विचार त्यांना राहुरीच्या मुक्कामात स्वतःच्या चिंतनातून सुचला आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीचा निर्णय आणि पत्नीचा निर्णय यांत सुमारे पाच वर्षांचे अंतर आहे. या अंतरामुळेच लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही टिळकांच्या श्रद्धेची सावली ठरली नाही.

या घरातील स्नेहाला धर्मांतराची अट नव्हती, याचा आणखी एक पुरावा बालकवी ठोमरे (१८९०–१९१८) यांच्या संदर्भात मिळतो. बालकवी काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवींनी धर्मांतर केले नाही आणि म्हणून त्या मायेत काही उणेही आले नाही.

ईश्वरप्रीतीची मराठी भाषा

टिळकांनी ईश्वराच्या प्रीतीसाठी वापरलेली भाषा ही त्यांची सर्वांत टिकाऊ देणगी होय. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्त हा गुरू आहे, सखा आहे आणि माउलीही आहे. वारकरी परंपरेत विठ्ठलाला ‘विठाई’ आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हणण्याची प्रथा असल्यामुळे मराठी मनाला हे संबोधन परके वाटत नाही. पाश्चात्त्य धर्मशास्त्रात पित्याची प्रतिमा प्रधान होती. टिळकांनी ती नाकारली नाही. तिच्या शेजारी आईची प्रतिमा आणून ठेवली.

या बदलाचा पिढ्यांच्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. लहान मुलाला पापक्षमा, तारण, प्रायश्चित्त या संकल्पना समजावून द्याव्या लागतात. आईची माया समजावून द्यावी लागत नाही. ईश्वराची प्रीती आईच्या भाषेत सांगितली गेली, तेव्हा ती घराच्या आवाक्यात आली. अभंग, भजन आणि कीर्तन या माध्यमांमुळे निरक्षर आजीलाही नातवंडांच्या धार्मिक शिक्षणात स्थान मिळाले. मराठी चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात टिळकांच्या गीतांचा मोठा वाटा आहे. टिळक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. त्यांची बालकविता आणि त्यांची भक्तिगीते यांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अपुरे काव्य आणि पुढील पिढ्या

ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहिण्याचा टिळकांचा संकल्प होता. अकराव्या अध्यायापर्यंत काम आले असता ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी हे काम हाती घेतले आणि त्यात ६४ अध्यायांची भर घातली. अखेरच्या अध्यायाला त्यांचे पुत्र देवदत्त यांचा हात लागला. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी निवर्तल्या आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. ज्या निर्णयाने एकेकाळी संसार उद्ध्वस्त केला होता, त्याच निर्णयातून उगम पावलेले काव्य पत्नीने आणि मुलाने पुरे केले. लक्ष्मीबाईंनी पतीची शैली गिरवली नाही. टिळकांच्या रचनेत पांडित्याचा संस्कार आहे, तर लक्ष्मीबाईंच्या ओवीत घरगुती बोलण्याचा सूर आहे.

‘स्मृतिचित्रे’ (चार भाग, १९३४–१९३७) या आत्मचरित्राचा उगमही असाच आहे. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणींचा आग्रह धरला. मुलाच्या जिज्ञासेतून आईचे लेखन जन्मास आले. श्रद्धेचे संक्रमण नेहमीच वरून खाली होत नाही. पुढच्या पिढीने विचारलेला प्रश्नही मागच्या पिढीला आपली श्रद्धा नव्याने तपासावयास लावतो. लक्ष्मीबाईंनी या आठवणींत पतीचा गौरव केला, तसे त्यांचे दोषही लपविले नाहीत. त्यामुळे पुढील पिढीच्या हाती संतचरित्राऐवजी खऱ्या माणसांची कहाणी आली. देवदत्तांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे ‘स्मृतिचित्रे’चे साक्षेपाने संपादन केले आणि आजोबांवर ‘चालता बोलता चमत्कार’ हा ग्रंथ लिहिला. अशा रीतीने तीन पिढ्यांनी एकमेकींचे लेखन जतन केले, पूर्ण केले आणि पुन्हा वाचले.

या विवेचनाच्या मर्यादा

टिळक कुटुंबाच्या उदाहरणावरून सर्व मराठी ख्रिस्ती समाजाविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. हे कुटुंब चित्पावन ब्राह्मण होते. लेखन, छापखाना आणि नियतकालिके त्यांच्या आवाक्यात होती. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. त्यांच्या दृष्टीने ईश्वराची प्रीती म्हणजे माणूस म्हणून मिळणारी प्रतिष्ठाही होती. त्यांच्या श्रद्धेचे संक्रमण मुख्यतः भजने, गावातील शाळा आणि घरातील प्रार्थना यांतून झाले. अशा कुटुंबांतील स्त्रियांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत, म्हणून त्यांना स्मृती नव्हत्या असे नव्हे. त्या मौखिक परंपरेचे संकलन ज्येष्ठ पिढी हयात आहे तोवरच शक्य आहे.

दुसरी मर्यादा संस्थेच्या संदर्भातील आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र येतील, असा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या निधनानंतर तो फार काळ टिकला नाही. केवळ प्रीतीच्या बळावर उभा राहिलेला समुदाय संस्थेच्या आधाराशिवाय पुढील पिढीपर्यंत पोहोचू शकतो काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो. टिळकांची गीते पोहोचली, परंतु ती चर्चच्या उपासनेतूनच पोहोचली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मराठी ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेच्या संक्रमणासाठी ओवी व अभंग हे छंद प्रभावी ठरले. स्टीफन्स आणि टिळक यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर असूनही दोघांनी लोकांच्या कानांवरचा छंदच निवडला.

२. ईश्वराच्या प्रीतीला मातृप्रेमाची भाषा मिळाल्यामुळे धर्मशिक्षण शाळेपुरते आणि चर्चपुरते न राहता घरात आले. त्यात स्त्रियांचा वाटा निर्णायक होता.

३. लक्ष्मीबाईंचा स्वतंत्र निर्णय, बालकवींना मिळालेले निरपेक्ष वात्सल्य आणि देवदत्तांची जिज्ञासा ही तीन उदाहरणे एकच गोष्ट सांगतात : सक्तीऐवजी मोकळीक मिळाली, तेथे श्रद्धा पुढे गेली.

४. मागच्या पिढीच्या चुका न लपवता सांगितल्यामुळे वारशाची विश्वासार्हता वाढली.

आईवडिलांनी जे जपले ते मुले जपतील काय, ही चिंता कोणत्याही एका धर्माची नाही. टिळकांच्या घरात या चिंतेला उत्तर मिळाले ते पाच वर्षांच्या प्रतीक्षेतून. लक्ष्मीबाईंना कोणी ओढून नेले असते, तर त्या कदाचित ख्रिस्ती झाल्या असत्या. परंतु पुढे ६४ अध्याय लिहिण्याइतके ते काव्य त्यांना आपले वाटले असते, असे म्हणता येत नाही.