अंगणवाडीचे मूळ
‘अंगणवाडी’ ही संकल्पना रुजली ती ठाणे (आता पालघर) जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या.

आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसताच बालवाडीच पाड्यावर नेण्यात आली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणी आणि गोष्टी. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यामुळे खडे, बिया, पाने, शंखशिंपले यांवरच मोजणी शिकविली जाई. धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शहरी पालक मात्र आजही बालवाडीची प्रत शुल्कावरून आणि तीन वर्षांचे मूल किती अक्षरे गिरवते यावरून ठरवितात. मुलाचे नाक कोण पुसते, हे क्वचितच विचारले जाते.