सशस्त्र संघर्ष आणि वाघाचा आढळ : गडचिरोली जिल्ह्याचे ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अंतर्गत सशस्त्र संघर्षाचा वन्यजीवांवर काय परिणाम होतो, याविषयी अभ्यासकांत दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार बंदुकीच्या भीतीमुळे लाकूडतोड, खाणकाम व वसाहती दूर राहतात आणि जंगल आपोआप राखले जाते. दुसऱ्या मतानुसार संघर्षात वनरक्षणाची व्यवस्था कोलमडते, शस्त्रे सुलभ होतात व वन्यप्राणी मारले जातात. आफ्रिकेतील संरक्षित क्षेत्रांच्या १९४६ ते २०१० या कालखंडातील माहितीवर आधारित, ‘नेचर’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुसऱ्या मतास बळ दिले. मोझांबिकमधील १९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात गोरोंगोसा येथील मोठे तृणभक्षी प्राणी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. रानकुत्रे नामशेष झाले व सिंह मोजकेच उरले. महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार गडचिरोलीच्या संदर्भात करणे क्रमप्राप्त ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गडचिरोलीतील वाघाच्या ऱ्हासाचा आरंभ नक्षलवादी चळवळीपासून मानणे इतिहासास धरून होणार नाही. ब्रिटिश राजवटीत हिंस्र श्वापद मारणाऱ्यास सरकारी इनाम मिळत असे आणि शिकार हा अधिकारी व संस्थानिकांच्या प्रतिष्ठेचा विषय होता. स्वातंत्र्यानंतरही परवान्यावर शिकार चालू राहिली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९७३ चा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात येईपर्यंत वाघांची संख्या देशभर खालावली होती. म्हणजेच सशस्त्र दलम या प्रदेशात येण्यापूर्वीच येथील वाघ संकटात होता.

संघर्षाचा कालपट

एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली पीपल्स वॉर या संघटनेची स्थापना झाली. त्याच वर्षी तिचे दलम सिरोंचा भागात आले. नोव्हेंबर १९८० मध्ये पेद्दी शंकर हा दलमचा प्रमुख तेथे पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. तेंदूपाने व बांबूतोडीची अपुरी मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांकडून होणारा जाच या आदिवासींच्या खऱ्या तक्रारी होत्या. चळवळीने त्यांतूनच आपला पाया घातला. परिणामी वनरक्षक हा राज्यसत्तेचा सर्वांत जवळचा व म्हणून सर्वांत असुरक्षित प्रतिनिधी ठरला. दुर्गम भागांतील गस्त, प्राणिगणना व शिकारविरोधी कारवाई यांवर त्यामुळे मर्यादा आल्या.

गणनेतील रिकामी जागा

याचे ठळक उदाहरण जिल्ह्याच्या सीमेवर आढळते. इंद्रावती नदीच्या पलीकडील इंद्रावती राष्ट्रीय उद्यानास १९८३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. परंतु २००६ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत नक्षलवादी कारवायांमुळे तेथील वाघांचा अंदाज घेता आला नाही. अशा रिकाम्या जागेचा अर्थ ‘तेथे वाघ नाहीत’ असा लावणे जितके चुकीचे, तितकेच ‘तेथे वाघ सुरक्षित आहेत’ असे मानणेही चुकीचे होय. पुराव्याचा अभाव हा संघर्षाचाच एक परिणाम आहे, ही बाब इतिहासलेखनात दुर्लक्षित राहते.

वैनगंगेपलीकडून आगमन

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प व त्यालगतचे ब्रह्मपुरी वनक्षेत्र येथे वाघांची वाढ झाली. महाराष्ट्रातील वाघांची अनुमानित संख्या २००६ मधील १०३ वरून २०२२ मध्ये ४४४ झाली. नव्या क्षेत्राच्या शोधात निघालेले तरुण वाघ वैनगंगा ओलांडून देसाईगंज (वडसा), आरमोरी व गडचिरोली परिसरात स्थिरावू लागले. याउलट भामरागड, एटापल्ली या दक्षिण भागात वन अधिक सलग असूनही वाघाचा वावर त्या मानाने विरळ राहिला. वाघाचे वास्तव्य केवळ झाडांच्या दाटीवर ठरत नाही. चितळ, सांबर, रानडुक्कर यांसारखे भक्ष्य आणि जवळचे प्रजननक्षेत्र या दोन गोष्टी त्यास आवश्यक असतात. भक्ष्यावाचून घनदाट अरण्यही वाघास पोसू शकत नाही.

या पुनरागमनाची किंमत शेतकरी व मजुरांनी मोजली. गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत १३ माणसांचे बळी घेणारा ‘सीटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद करण्यात आला. सरपण, मोहफुले व गुरांसाठी जंगलात जाणे ज्यांना टाळता येत नाही, त्यांच्या दृष्टीने वाघाचा आढळ हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

तुलनात्मक विचार

आसाममधील मानस अभयारण्यात १९८० च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या बोडो आंदोलनाच्या काळात गेंडे पूर्णतः नष्ट झाले. १९९२ मध्ये युनेस्कोने मानसचा समावेश संकटग्रस्त वारसास्थळांत केला व २०११ मध्ये त्यास त्या यादीतून वगळले. मधल्या काळात २००३ चा करार झाला आणि स्थानिक तरुण, त्यांतील काही पूर्वीचे शिकारी, वनरक्षणात सहभागी झाले. शस्त्रे थांबल्याने अरण्य आपोआप सावरले नाही. स्थानिकांचा विश्वास संपादन केल्यावर ते सावरले, हा मानसचा धडा होय.

निष्कर्ष

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले आणि चार दशकांच्या संघर्षाने निर्णायक वळण घेतले. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बंदुकीने गडचिरोलीचा वाघ राखला नाही आणि एकट्या बंदुकीने तो संपवलाही नाही. मात्र संघर्षाने वनव्यवस्था दुबळी केली व नोंदींची साखळी तोडली. सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन आणि नवे रस्ते यांमुळे आता दक्षिण गडचिरोलीवर वेगळा ताण येत आहे. शांतता म्हणजे संरक्षण असे समीकरण मांडता येणार नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलेला ग्रामसभेचा मार्ग येथे महत्त्वाचा ठरतो. वनखात्याच्या कार्ययोजना, पोलीस दप्तर आणि ग्रामसभांच्या नोंदी एकत्र वाचल्या जातील, तेव्हाच या प्रदेशातील माणसाचा व वाघाचा इतिहास एकमेकांच्या संदर्भात लिहिता येईल.